तारेकडे पाठ

टिक्.

वाटीत बटण पडलं आणि दुपारची शांतता मोडली. बाळ नुकतंच झोपलं होतं, थोरली लेक ठिपकी शाळेत होती. मी दारातून डोकावले. खिडकीपाशी बसून बाबा उजव्या हाताने एका वाटीतली बटणं दुसऱ्या वाटीत टाकत होते. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी हा हात आणि वाचा, दोन्ही एकदमच त्यांना सोडून गेली होती. हात आता कुरकुरत का होईना, परत येत होता. वाचेचा पत्ता नव्हता.

"किती झाली?" मी विचारलं.

त्यांनी चार बोटं वर केली, मग पाचवं अर्धंच उचलून खाली जमिनीकडे वळवलं. पाचवं बटण पलंगाखाली गेलं होतं. त्यांचा विनोद मात्र जागच्या जागी होता.

माझे बाबा सर्कसवाले. एकोणिसाव्या वर्षी ते एका फिरत्या सर्कशीत पोस्टर चिकटवायला लागले. बादलीभर खळ, एक ब्रश आणि खांद्याला भोंगा. पोस्टर लावायचं आणि चौकात उभं राहून खेळाची वर्दी द्यायची. एकदा सर्कशीचे म्हातारे मालक मागे उभे राहून ऐकत होते म्हणे. म्हणाले, "वाघ माझ्याकडे आहे, पण डरकाळी तुझ्याकडे." त्याच आठवड्यात बाबा लाल कोट घालून रिंगणात उभे राहिले, ते चाळीस वर्षं बाहेर पडलेच नाहीत. मालक थकले तेव्हा तंबूसकट सगळा पसारा बाबांच्या गळ्यात पडला. पुढे वाघ गेले, हत्ती गेले. बाबांनी कुत्री, सायकली, झुले आणि तार यांच्यावर खेळ उभा ठेवला. वादळात तंबू दोनदा फाटला. दोन्ही वेळा सगळी मंडळी सुया घेऊन शिवायला बसली, आणि बाबा भोंग्यावरून त्या शिवणाचं असं काही वर्णन करत सुटले, की रस्त्यावरची माणसं टाके बघायला थांबली.

मीही तिथेच वाढले. माझा पाळणा गाडीच्या छताला टांगलेला असे. पुढे किल्ल्या करणाऱ्या माणसाशी लग्न करून मी या घरात आले, तेव्हा बाबा म्हणाले होते, "बरं झालं. निदान एक तरी जण कुलपात राहील."

आणि आता ते स्वतःच, आईसकट, आमच्या पुढच्या खोलीत होते. रविवारी गावाबाहेरच्या मैदानात सर्कशीचा पहिला खेळ होता.

काका रोज तीनला यायचे. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, सर्कशीचे बँडमास्तर. बोलत नसले तर ट्रंपेट वाजवत असतात, तिसरं काही त्यांना जमत नाही. बुधवारी ते काखेत टेपरेकॉर्डर घेऊन आले.

"वहिनी, नुसतं ऐका," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

खरखरीतून बाबांचा आवाज आला, बारा वर्षांपूर्वीचा. "मायबाप प्रेक्षकहो! श्वास जपून वापरा, पुढे लागणार आहे!"

आत बाळ दचकलं. बाबा त्या यंत्राकडे बघत राहिले. रस्त्यात जुना ओळखीचा भेटावा आणि त्याने आपल्याला ओळखू नये, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"रविवारी दादा लाल कोट घालून मधोमध उभा राहील," काका म्हणाले. "नुसते ओठ हलवेल. आवाज मी सोडतो. पब्लिकला काय कळतंय!"

"आणि टेप अडकली म्हणजे?" आई म्हणाली.

"मी आहे ना, वाजवीन की!"

"तुम्ही वाजवाल हो. आणि हे उभ्याउभ्या कोसळले तर? काही नको. घरी राहतील, पाय वर करून बसतील."

"अहो, तीस माणसं तिकडे खुंट्या ठोकून वाट बघतायत. दादा दिसला नाही तर त्यांचे हातपाय गळतील. आणि त्यालाही उभं राहायचंय. डोळे बघा त्याचे!"

"डोळे मला नका शिकवू, भाऊजी. मला त्या डोळ्यांत आराम दिसतोय."

बाबांनी हात वर केला. दोघं गप्प झाले.

"म," बाबा म्हणाले. "मला..."

एक. दोन.

"लाल कोट?" काका म्हणाले.

"झोपायचंय?" आई म्हणाली.

"पाणी हवंय?" ही मी.

बाबांचं तोंड मिटलं. त्यांनी डोक्यावरची नसलेली हॅट डाव्या हाताने उचलली, आम्हाला किंचित झुकून सलाम केला आणि खिडकीकडे वळले. खेळ खलास.

हे रोज असंच चालायचं, आणि आमचा हेतू वाईट नव्हता. सर्कशीत रिंगण कधी गप्प बसू द्यायचं नाही, हा पहिला धडा. कोणी चुकलं, कोणाचा शब्द अडकला, कुत्रा हट्टाला पेटला, की तीन आकडे मोजायच्या आत कोणीतरी ती जागा भरायचीच. बँडने सूर मारायचा, विदूषकाने धडपडायचं, काहीच नाही तर टाळ्या. कारण तीन आकड्यांनंतर पब्लिकला भीती कळते. आम्ही तिघंही त्याच तालमीत वाढलेलो. बाबा अडखळले की आमच्या जिभा आपोआप धावून जायच्या.

वाचेचा सराव घ्यायला येणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी हे पकडलं होतं. "शब्द त्यांच्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "वाट लांबची झालीय इतकंच. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. तोपर्यंत कोणी बोलायचं नाही."

"दहा?" आई म्हणाली होती. "अहो बाई, दहा आकड्यांत आमचा माणूस झुल्यावरून खाली येऊन परत वर जातो."

गुरुवारी बाळाला पाजताना माझ्या मनात आलं, बाबांना रिंगणात उभं करायचं की घरी बसवायचं यावर आम्ही दोन दिवस भांडतोय. पलीकडच्या खोलीत तोच माणूस रोज 'मला' म्हणतो, आणि पुढचा शब्द आम्ही त्याच्या तोंडून काढून घेतो. लहान लेकराचं वाक्यसुद्धा मी इतक्या घाईने पुरं करत नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी काका आले तेव्हा मी टेबलावर पाण्याचे तीन पेले मांडून ठेवले होते.

"एक एक घोट तोंडात धरायचा," मी म्हणाले. "जो गिळेल तो बाद."

"हे काय नवीन?" काका म्हणाले. "लहान पोर आहे का मी?"

"काका, घाबरलात का?"

एवढं पुरलं. काका खेळाला कधी नाही म्हणत नाहीत. ठिपकी शाळेतून येऊन बूट काढत होती, तिला पंच केलं. ती खुर्चीवर चढली, कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "फसवणूक चालणार नाही हं, आज्जी."

तीन जोडी गाल फुगले. बाबांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आणि हसता हसता थांबले, कारण त्यांच्या लक्षात आलं.

"मला," बाबा म्हणाले.

मी मोजायला लागले. तीनवर आईची मान पुढे आली. पाचवर काकांची बोटं मांडीवर ट्रंपेटच्या कळा दाबायला लागली. सात. आठ. घराबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. इतकी लांब शांतता मी माझ्या माणसांत कधी ऐकली नव्हती.

"उभं," बाबा म्हणाले. "नाही."

आईने काकांकडे विजयी नजर टाकली. बोलता येत नव्हतं, म्हणून भुवयांनी बोलली. बाबांनी तिच्याकडे बोट करून मान हलवली. थांब, अजून आहे.

"घर... नाही. खुर्ची." पुन्हा सगळा डोंगर चढून यावं तसा श्वास. "तिथे. पब्लिकमध्ये."

आता कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. बाबा डोळे मिटून बसले. मी दहा मोजले, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. ठिपकीनेही हात खाली घेतले होते.

"तार," बाबा म्हणाले. "बघायची. हिची."

आईने घोट गिळला.

"आज्जी बाद!" ठिपकी ओरडली.

"माझी तार?" आई म्हणाली. "अहो, बावीस वर्षं तुमच्या डोक्यावर चालत होते मी! तेव्हा काय बघत होतात?"

बाबांनी खुर्चीत जमेल तितकं वळून तिच्याकडे पाठ केली आणि समोरच्या भिंतीकडे हात पसरले.

"लोक," ते म्हणाले.

आणि मला तो सगळा देखावा आठवला, जसा मी लहानपणी पडद्याआडून रोज बघायचे. आई वर तारेवर. खाली बाबा, तोंड पब्लिककडे, पाठ तारेकडे. निवेदकाने रिंगणात मागे वळायचं नसतं. तो वळला, तर लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. त्यामुळे तार बाबांनी लोकांच्या चेहऱ्यांवर वाचली. माना वर गेल्या, म्हणजे ती निघाली. तोंडं उघडली, म्हणजे मधोमध आली. खुर्च्या करकरल्या, म्हणजे पोचली. त्यावरून ते बोलायचे, आणि एवढं अचूक बोलायचे, की त्यांनी काही बघितलेलं नाही हे आम्हा घरच्यांच्याही ध्यानात आलं नाही. सकाळी सराव चालायचा तेव्हा तर बाबा हमखास गावात असायचे. कधी परवानगी, कधी पाण्याचा टँकर, कधी पोस्टर.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचे आवाज आले. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती. मग ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"मी खाली उतरून सहा वर्षं झाली," ती म्हणाली, "आणि हे आज बघायला निघालेत! मुहूर्त काढावा तर यांनीच." मग काकांकडे वळली. "भाऊजी, उद्या सकाळी तार बांधा. गुडघ्याएवढी. एक बोटसुद्धा वर नको, माझी हाडं आता विम्याच्या पलीकडे गेलीत."

काकांनी मान डोलवली. त्यांचे गाल अजून फुगलेलेच होते. हरणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं आणि दोन्ही तळवे वर केले. हे नाही, तर मग रविवारी बोलणार कोण?

बाबांनी आईकडे बोट केलं.

"ही," ते म्हणाले. आम्ही थांबलो. "सवय... आहे."

काकांच्या तोंडातलं पाणी कारंज्यासारखं उडालं आणि सगळं टेपरेकॉर्डरवर पडलं. ठिपकीने त्यांनाही बाद ठरवलं. आई आधी चिडली, मग पदर तोंडावर धरून हसायला लागली, आणि हसत हसतच म्हणाली, "लाल कोट मला मोठा होईल." म्हणजे तिने कबूल केलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे मैदानावर गेलो. बाळ नवऱ्याच्या छातीला बांधलेलं. तंबूत कापडातून गाळून आलेला पिवळट उजेड होता, ताज्या भुशाचा आणि डिझेलचा वास होता. झुलेवाली पोरं आणि सायकलवाली जोडी काम टाकून कडेला येऊन उभी राहिली. बाबांना मी तिसऱ्या रांगेत बसवलं, मधल्या खुर्चीवर. त्यांनी साधा स्वेटर घातला होता. इथून रिंगण कसं दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते वर खांबाकडे बघत होते, गालिच्याकडे बघत होते, नव्या घरात आल्यासारखे.

आईने चपला काढल्या. लाल कोट तिच्या पोटऱ्यांपर्यंत आला होता, तोही काढून काकांच्या हातात दिला. तळपायांना खडूची पूड चोळली, कागदी छत्री उघडली, आणि तारेवर पहिला पाय ठेवला.

अठ्ठावन्न वर्षांची माझी आई. जिने चढताना ती गुडघ्याला हात लावून कुरकुरते. पण तिचा तळवा तारेला लागला तशी ती जणू वेगळीच कोणीतरी झाली. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये तार धरत ती सरकत गेली. मधोमध तोल गेला. छत्री एकीकडे, कंबर दुसरीकडे. काकांनी ट्रंपेट ओठांना लावलं, आणि स्वतःच खाली घेतलं. ती सावरली. टोकाला पोचली. आणि मग तिथेच, त्या बोटाएवढ्या जागेवर, वळली. वळणं सगळ्यात अवघड असतं.

"अगं बाई!" बाबा म्हणाले.

एकदम. न अडखळता. मोजायला मला सवडच मिळाली नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. मान पुढे, तोंड उघडं, खुर्चीच्या कडेवर सरकलेले. चाळीस वर्षं ज्या चेहऱ्यांकडे बघून ते बोलले, तसाच एक चेहरा आता त्यांचा होता.

आई परत येत होती. त्यांच्याकडे बघत, हसत, जरा नखऱ्यात.

ठिपकी माझ्या मांडीवर होती. तिने माझी हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"आई, आजोबांनी आज्जीला कधीच बघितलं नव्हतं?"

"नव्हतं. त्यांना लोकांकडे तोंड करून उभं राहावं लागायचं ना. कामच तसं होतं."

तिने विचार केला. "पण सकाळी तर लोक नसायचे."

"नसायचे."

"मग सकाळी ते बघायला का नाही आले? एकदासुद्धा?"

मी बाबांकडे बघितलं. आई जमिनीपासून गुडघ्याएवढीच वर होती, तरी त्यांनी डाव्या हाताने खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली होती.