बाटलीच्या गळ्यातला धागा

सासूबाईंनी काउंटरवर बसणं सोडलं, तेव्हाच धाकट्या सुनेला कळलं की खाज आता नुसती डोक्यात राहिलेली नाही, मनात उतरली आहे.

लाँड्री त्यांनीच नावारूपाला आणलेली. उंच खुर्चीत बसून कपड्यावरचा डाग कशाचा, हे त्या नुसत्या नजरेनं सांगत. पण डोक्यात कोंडा झाला, खाजवून खाजवून टाळू लाल झाली, आणि एके दिवशी एक गिऱ्हाईक धुतलेला काळा कोट उलगडून म्हणालं, "बाई, कोट स्वच्छ आहे हो, पण वर हे काय भुरभुरलंय?" त्या दिवसापासून बाई मागच्या खोलीत आणि खुर्ची रिकामी. सासरे समजूत घालायला गेले, "अगं, माझ्यासारखं टक्कल पडलं की कोंड्याचा प्रश्नच मिटतो!" त्यावर सासूबाईंनी असं काही पाहिलं की ते मुकाट्यानं इस्त्रीच्या टेबलाकडे वळले.

धाकटीनं शेजारच्या पार्लरवालीला गाठलं. तिनं लव्हेंडरच्या तेलाची छोटी तपकिरी बाटली दिली आणि घरी येऊन सासूबाईंसमोरच बजावलं, "हे नुसतं टाळूला लावायचं नाही, आग होते. वाटीतल्या साध्या तेलात दोन-चार थेंब, बस. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघायचं. आणि ही काही जादू नाही हं, फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा."

"कोपराला?" सासूबाई फणकारल्या. "मी काय गिऱ्हाइकाचा रेशमी सदरा आहे, शिवणीच्या आत औषध लावून रंग जातो का बघायला?"

'देवा, आता तूच बघ,' असं मनाशी म्हणून धाकटीनं बाटली फडताळात ठेवून दिली.

देवानं बघितलंच म्हणायचं. दोन-तीन दिवसांनी, दुपारची कामं उरकल्यावर, सासूबाई आपण होऊन तिच्यापुढे स्टूल ओढून बसल्या.

"चोळ काय ते. हात हलका ठेव. माझी आई गेल्यापासून या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

"आई, आधी कोपराला..."

"आता लावतेस, की उठू?"

धाकटीनं घाईघाईनं फडताळातली बाटली काढली, वाटीतल्या साध्या तेलात थेंब सोडले आणि बोटांच्या पेरांनी टाळूवर जपून तेल जिरवलं. एरवी शब्दागणिक टोचणाऱ्या सासूबाई हळूहळू पेंगुळल्या, आणि मग स्टुलावरून उतरून तिथेच सतरंजीवर कलंडल्या. कितीतरी दिवसांनी त्या न खाजवता झोपल्या होत्या.

समाधानानं धाकटीनं बाटलीला बूच लावलं आणि तिच्या बोटाला काहीतरी लागलं. बाटलीच्या गळ्यात लाल धागा होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. लाँड्रीतली शिस्तच होती ती, सासूबाईंनी घालून दिलेली. ज्याला उघडा हात लावायचा नाही, त्या बाटलीला लाल धागा. डाग काढायचं जहाल औषध अशाच तपकिरी बाटल्यांत असे, आणि त्याचा दर्प मारायला त्यात लव्हेंडरचाच वास घातलेला असे. म्हणजे कुणीतरी बाटल्यांची अदलाबदल केली आणि आपण डागाचं औषध आईंच्या डोक्याला चोळलं! ते लावल्यावर सुरुवातीला काही दिसत नाही, मग एकदम रंग उडतो. इथे तर केसच जातील. मग कसली खुर्ची आणि कसलं काउंटर? विश्वासानं पुढे केलेलं डोकं परत कधी पुढे येणार नाही.

"आई, उठा! आधी डोकं धुऊ या!"

"काय झालं? आग लागली का कुठे?"

"माझ्या हातून डागाचं औषध लागलं हो तुमच्या डोक्याला! बाटलीला धागा आहे..."

सासूबाईंनी डोळे चोळले, बाटलीकडे पाहिलं आणि उठून बसल्या.

"धागा मी बांधलाय."

"तुम्ही?"

"मग? नुसतं लावलं तर आग होते, असं पार्लरवाली म्हणाली ना? तुझे सासरे कसे आहेत माहीत आहे ना? जरा वास आला की टकलावर चोळून मोकळे. धागा बघितला की तेवढे लांब राहतात."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच खाली बसली, आणि रडू येतंय की हसू, हे तिचं तिलाच कळेना.

"पण आई, कोपराला न लावताच आपण..."

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, हळूच बाही वर सरकवली आणि कोपराची आतली बाजू तिच्यापुढे धरली. कातडी स्वच्छ होती, लालीचं नाव नाही.

"कालच लावलं होतं, साध्या तेलात कालवून. शिवणीच्या आत," त्या पुटपुटल्या. "कुणाला सांगू नकोस."

संध्याकाळी डोकं धुऊन, केस वाळवून त्या बाहेर आल्या. कोंडा काही एका दिवसात जायचा नव्हता, पण हात डोक्याकडे जात नव्हता. खुर्चीवर कुणीतरी टाकलेला कपड्यांचा गठ्ठा त्यांनी उचलला आणि सासऱ्यांच्या हातात दिला.

"खुर्ची काय सामान ठेवायला आहे?" म्हणाल्या, आणि चढून बसल्या.