कडक खळ

दिराच्या सदऱ्याची कॉलर इस्त्रीखाली दाबताना वहिनीने मनातला जुना हिशेब पुन्हा काढला. स्वातंत्र्य आलं तर दिराला खुर्ची मिळणार, हे ती पहिल्यापासून धरून होती. आवाज मोठा, बोलणं गोड, शिवाय तुरुंगवास पदरी. तिला स्वतःला हवी होती फक्त खिडकी.

धुलाईखान्याच्या इस्त्रीघराला एकच खिडकी होती. भट्टीची काजळी साहेबलोकांच्या पांढऱ्या कपड्यांवर बसू नये म्हणून परक्या मालकांनी ती खिळे ठोकून बंद केलेली. आत वाफ आणि निखाऱ्यांचा धूर. शेजारच्या टेबलावर वहिनीची लेक बाहीत तोंड खुपसून खोकायची.

लढ्याच्या दिवसांत वहिनीनेच बायकांना खळ घट्ट कालवायला शिकवलं. साहेबांच्या माना सोलून निघत. पण तक्रार कसली करणार, कपडा तर झकास दिसे! दीर सभेत गरजायचा, "आमच्या बायकांनी साम्राज्याचा गळा धरलाय!" टाळ्या अर्थात त्यालाच. "आपला झेंडा चढला की पहिला खिळा मी उपटणार, वहिनी," हा शब्दही त्याचाच.

झेंडा चढला. धुलाईखाना सरकारी झाला आणि दीर त्याचा मॅनेजर. खिडकीचा विषय काढला की म्हणे, "देश अजून रांगतोय. जरा दम धरा."

"दमच तर उरला नाही, भावोजी."

त्यावर तो हसला होता. म्हणून मग मंत्र्यांचे सदरे आले तेव्हा वहिनीने खळ पुन्हा जुन्यासारखी कालवली. तो समजेल, असं तिला वाटलं. ही भाषा त्याला येत होती.

आता तो दारात उभा होता.

"मंत्रिसाहेबांच्या मानेला मलम लावावं लागलं."

"मान जरा कमी ताठ ठेवा म्हणावं," कोपऱ्यातली म्हातारी पुटपुटली. बायका खुसखुसल्या. दीर हसला नाही.

"खळ कोणी कालवली?"

वहिनीने इस्त्री उभी केली. तिने तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज आला.

"मी, काका."

"खोटं बोलतेय ती," वहिनी म्हणाली. "हात माझा आहे. तुम्ही ओळखता."

"ओळखतो." त्याने टेबलावरची कॉलर उचलली, उजेडाकडे धरली. "म्हणून तर. परदेशी पाहुणे यायचेत. असं काम दुसरं कोण करणार?" मग पुतणीकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

"भावोजी, तिचं औषध तिच्याच पगारातून येतं."

"कुणाला तरी काढलं नाही, तर मलाच काढतील."

हे मात्र तो खरं बोलला. सभेतल्यासारखं नाही, अगदी हळू.

लेकीने कमरेचं फडकं सोडलं. सवयीने त्याची नीट घडी घातली, वरून तळवा फिरवला आणि ती निघाली. दार उघडलं तेवढ्यापुरती वाऱ्याची झुळूक आत आली. बायकांनी नकळत माना तिकडे वळवल्या. दार मिटलं.

"माझी जरा मऊ करा, वहिनी," गळ्यापाशी बोट फिरवत दीर म्हणाला.

वहिनीने कॉलरवर पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या टेबलावर नवी बाई आली. दुपारच्या आत तिनेही बाही तोंडाला लावली. मग खोकला आवरून ती खळीच्या पातेल्यापाशी गेली आणि विचारलं, "किती घट्ट ठेवायची, अक्का?"

वहिनी खिडकीकडे बघत होती.

"पातळच ठेव," ती म्हणाली. "त्यांना टोचते."

मंत्र्यांची मान वाचली, दिराची खुर्ची वाचली. खिडकीचे खिळेसुद्धा शाबूत राहिले. घरी लेक अंथरुणावर पडून होती. जुन्या हिशेबातली बाकी सगळी तिच्या नावे.