शैलेंद्रचं अनुमोदन

अमेरिकेतल्या आमच्या राज्याची घटना दुरुस्त करणारी समिती म्हणजे विद्वानांचा मेळा असेल, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात ती फुकटचं खाऊन माना डोलावणाऱ्यांची टोळी निघाली, आणि त्यातलाच एक माझा नवरा, शैलेंद्र. गव्हर्नरला समितीच्या फोटोत एक भारतीय चेहरा हवा होता, तो याच्या रूपाने मिळाला.

तरी मी खूश होते. आमच्या आणि शेजारच्या डोरथीच्या विहिरीत जवळच्या कारखान्यातलं रसायन उतरलं होतं. विकतच्या पाण्यात वरण शिजवायची वेळ आली होती. शैलेंद्रने कलम मांडलं: स्वच्छ पाणी हा प्रत्येकाचा हक्क. ते घटनेत गेलं की कारखान्याला कोर्टात खेचता येणार होतं. डोरथी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून साक्ष द्यायला आली. वेळ संपली म्हणून अध्यक्षांनी तिचा माइक मध्येच बंद केला. मग लंचला पिझ्झा की सँडविच, यावर सगळे मनसोक्त बोलले.

कलम कसंबसं मंजूर झालं. पण दुरुस्त्यांचे गट करून मतदारांपुढे ठेवायचं ठरलं. एका गटाला एकच हो किंवा नाही. स्वतः आमदार असलेल्या अध्यक्षांनी आमचं पाणी आमदारांच्या पगारवाढीला बांधलं. लोक पाण्यासाठी हो म्हणतील आणि पगार आपोआप वाढेल, एवढीच ती शक्कल. "अनुमोदन कुणाचं?" त्यांनी विचारलं. सगळे टेबलाकडे बघत राहिले. आणि शैलेंद्रचा हात वर गेला.

तो हात मी ओळखते. आमच्या मराठी मंडळाच्या सभेत कुणीही काहीही ठराव मांडो, अनुमोदनाला हाच पहिला. इतिवृत्तात नाव येतं ना! गणपतीच्या जेवणात श्रीखंड ठेवायचं की बासुंदी, या दोन्ही ठरावांना एकदा याचंच अनुमोदन होतं.

परतताना कारमध्ये माझा स्फोट झाला. "काय सेकंड केलंस, कळतंय का तुला?"

"अगं, कुणीच हात वर करेना. ऑकवर्ड वाटत होतं यार. फॉर्मॅलिटी असते ती."

"कुणीच केला नसता तर ठराव तिथेच मेला असता!"

समितीचे नियम त्याने वाचलेच नव्हते. त्या क्षणी मला त्याची किळस आली.

नोव्हेंबरमध्ये मतदारांनी तो गट फेटाळला. दुसऱ्या दिवशी डोरथी कुंपणापाशी आली. "सॉरी लतिका, मीसुद्धा नाही म्हटलं. माझा माइक बंद करणाऱ्याला मी पगार वाढवून देऊ?"

मी दातओठ खात का होईना, हो म्हटलं होतं.

तेवढ्यात गाडीतून सामान काढत शैलेंद्र आला. तिचं सगळं त्याने ऐकलं होतं.

"यू आर राइट, डोरथी," तो म्हणाला.

इथेही अनुमोदन! फक्त या वेळी हात वर गेला नाही. दोन्ही हातांत तिच्यासाठी आणलेले पाण्याचे कॅन होते.