जानू तांडेलाची हँग होणारी बोट

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. नवापूरला समुद्राकाठच्या एका घरात माळ्यावर पडून असतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, माळ्यावरच्या डब्याने आता कशाला बडबड करावी? करणार! या घरात मला जे धक्के बसले, त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझी पहिली नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या ऑफिसात होती. काय तो थाट! माझ्यासाठी थंडगार खोली होती. आत येणारा प्रत्येक जण दाराशी चपला काढायचा. मोठे साहेबसुद्धा मोजे घालून माझ्यापुढे उभे राहायचे. मला वाटायचं, आपण देवच आहोत. मग एके दिवशी नवे कॉम्प्युटर आले आणि मला उचलून कुठे ठेवलं माहीत आहे? दाराबाहेर, त्याच चपलांच्या शेजारी! हा माझ्या आयुष्यातला पहिला धक्का.

त्याच कारखान्यात कमलाकांत नावाचा एक कामगार मशीनवर काम करायचा. त्याने साहेबांना विचारलं आणि मला रिक्षात घालून बोईसरहून नवापूरला आणलं. त्याला ना हिशेब करायचा होता ना पत्रं लिहायची होती. त्याला मी हवा होतो त्याच्या वडिलांसाठी.

वडिलांचं नाव जानू. गावात सगळे त्यांना जानू तांडेल म्हणायचे, कारण होडीचं सुकाणू त्यांच्या हातात असायचं. आदल्या वर्षी भर समुद्रात, सुकाणू धरलेलं असतानाच, त्यांचा उजवा हात एकाएकी थांबला. लकवा! साथीदारांनी होडी कशीबशी किनाऱ्याला लावली. जीव वाचला, पण हाताची बोटं आत वळली ती वळलीच. बोईसरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की, बोटं हलती ठेवा, नाहीतर ती कायमची आखडतील. दाबायला रबरी चेंडू दिला. म्हाताऱ्याने तो थेट अंगणात भिरकावला. "मी काय ल्हान पोर हाय?" म्हणाले. तो हात ते खांद्यावरच्या टॉवेलात लपवून ठेवायचे, आणि कोणी त्याच्याकडे बघितलं तर त्यांचं डोकं फिरायचं.

कमलाकांतने एक सीडी आणली होती. तिच्यात बोटीचा खेळ होता. माऊस हलवला की बोट वळायची आणि खडकांमधून वाट काढत बंदराला जायची. चेंडू नाही दाबला, तर निदान बोट तरी हाकतील, एवढीच त्याची आशा होती.

आता दुसरा धक्का ऐका. मला आणल्यावर दुसऱ्याच दिवशी कमलाकांत कारखान्यात पाळीला गेला आणि जानू तांडेल माझ्याभोवती फिरू लागले. पुढून बघितलं, बाजूने बघितलं, मग माझ्या पाठीकडे आले आणि तिथेच थबकले.

"येसू, इकडं ये आदी! याची पाठ बघ. चाळण हाय नुसती चाळण! खारा वारा आत शिरला का चार महिन्यांत गंजून जाईल."

येसूबाई, म्हणजे त्यांची बायको, बाहेर वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. ती हात पुसत आली. तिलाही ते पटलं. का पटू नये? नवापूरच्या वाऱ्याने खिडकीचे गज झडतात, सायकलची साखळी जाम होते. म्हातारा चुकीचं बोलत नव्हता. पण त्यावरचा उपाय! अरे देवा! होडीच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ भरून बुजवतात ना, तश्शा त्यांनी माझ्या पाठीवरच्या सगळ्या जाळ्या बुजवायला घेतल्या. डाव्या हाताने, एकेक छिद्र, अगदी मन लावून. वायरींच्या जागा आणि पुढचं सीडीचं तोंड तेवढं सोडलं. मी आतून ओरडत होतो, 'अहो, मी होडी नाही!' पण ऐकणार कोण? येसूबाईचे डोळे भरून आले होते. वर्षभरात नवऱ्याने पहिल्यांदा कुठल्या कामाला हात घातला होता. मग दोघांनी मिळून माझी पाठ भिंतीला टेकवली.

तुम्हाला सांगतो, आम्हा कॉम्प्युटरांना घाम येत नाही. पोटातली गरमी आम्ही पंख्याने मागच्या जाळीतून बाहेर फेकतो. साधं पत्र लिहिताना गरमी थोडीच होते. पण खेळ सुरू झाला की लाटा रंगवा, बोट रंगवा, आभाळ रंगवा, तेही क्षणाक्षणाला नवं! अंग तापून निघतं. आणि फार तापलं की मला काही सुचेनासं होतं. मी आहे तिथेच थांबतो. तुम्ही त्याला हँग होणं म्हणता.

त्या रविवारी कमलाकांतने वडिलांची बोटं एकेक करून उघडली आणि माऊसवर ठेवली. म्हातारा आधी कुरकुरला. "वारा कुठनं हाय त्येच कळत नाय. आनि बोट काय अशी वळते? हाकणारा येडा दिसतो." पण बोलता बोलता हात सरकला. अगदी थोडाच, पण सरकला! बोट डावीकडे वळली, पहिला खडक चुकला. "बगितलास? बगितलास का?" ते ओरडले. येसूबाई चुलीपुढून उठून आली. घर नुसतं हसायला लागलं होतं.

आणि मी थांबलो.

पडद्यावर बोट उभी. लाट उभी. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उडालेलं पाणी तसंच हवेत. म्हाताऱ्याने माऊस हलवला, पुन्हा हलवला. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळं आयुष्य पाण्यावर काढलेला माणूस तो, थांबलेला दर्या त्याने कधी पाहिला नव्हता.

"आमच्या होडीत आसंच झालं व्हतं," ते हळूच म्हणाले. "हात थांबला, आनि सगळं थांबलं."

"बाबा, कॉम्प्युटर हँग झालाय. तुमच्या हाताचं काय नाय त्यात," कमलाकांत म्हणाला. त्याने मला बंद करून पुन्हा चालू केलं. थोडा वेळ खेळ चालला, मग पुन्हा तेच.

रोज हेच होऊ लागलं. कमलाकांत पहाटे कामावर जाण्याआधी घाईत थोडंसं खेळून बघायचा. तेव्हा मी रात्रभर निवांत असल्यामुळे गार असायचो, झकास चालायचो. त्याने रजेचा अर्ज लिहिला, तेव्हाही मी थांबलो नाही. म्हातारा कोपऱ्यातून सगळं बघत होता. एकदा म्हणाला, "तुज्या हाताला चालतो. माज्याच हाताला मरतो." कमलाकांत पुन्हा माझी बटणं दाबून बघू लागला. अहो, खरं कारण मला ठाऊक होतं! पण मी बोलणार कसा?

मग सुरू झाले उपचार. बोईसरच्या कॉम्प्युटर क्लासचे अण्णा आले. त्यांनी माझ्यासमोर बसून हलकेच मान हलवली आणि म्हणाले, "व्हायरस." मला फॉरमॅट मारलं. म्हणजे माझी सगळी आठवण पुसली! ऑफिसातली वर्षं, सगळे पगार, सगळी बिलं, सगळं साफ. थंडगार खोली, दारातल्या चपला आणि या घरातलं सगळं तेवढं कसं कोण जाणे लक्षात राहिलं. नंतर अण्णा चहा पिईपर्यंत खेळ चालला, म्हणून सगळे खूश झाले. ते गेले आणि बोट पुन्हा उभी राहिली. मग विजेचा दाब कमीजास्त होत असेल म्हणून स्टॅबिलायझर आला. मग खेळाची सीडी बदलून आणली. शेवटी येसूबाईने माझ्यावरून मीठमिरची ओवाळली आणि ती चुलीत टाकली. सगळं घर ठसकलं. आणि एवढ्या सगळ्यांत कोणी, एकानेही, माझ्या पाठीमागे डोकावून बघू नये? माझ्या पाठीवरची राळ तापून तिचा वास सुटायचा, तरी कोणाला काही वाटायचं नाही. होडीवाल्यांच्या घरात राळेच्या वासाचं कसलं नवल! उलट म्हातारा श्वास भरून घ्यायचा आणि म्हणायचा, "होडीची याद येते."

एके दिवशी जानू तांडेलांनी हात टॉवेलात गुंडाळला तो बाहेर काढायलाच तयार होईनात. "द्येऊन टाक याला," मुलाला म्हणाले. "मेलेला हात लागला का यंत्रबी मरतं. उगाच बिचाऱ्याचे हाल."

बिचारा म्हणजे मी! मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस माऊसला कोणी हात लावला नाही. येसूबाई जबरदस्तीने टॉवेल सोडून तो हात चोळायची. जरा सैल झालेली बोटं पुन्हा आत वळायला लागली होती. येसूबाई तोंड फिरवून पदराला डोळे पुसायची.

पण कोळणीचा धीर असा तसा सुटत नाही. एका दुपारी तिने स्वतःच मला चालू केलं. "बसा," नवऱ्याला म्हणाली. "माज्यासाठी एकदा बसा, मग मी परत सांगायची नाय." म्हातारा बसला. बोट निघाली. येसूबाई धूळ पुसायला म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवते तो काय, चटका!

"आवं, याला ताप आलाय!"

आणि मित्रांनो, तिने काय केलं असेल? ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी ओल्या फडक्याची घडी माझ्या डोक्यावर ठेवली! ओलं फडकं! विजेवर चालणाऱ्या माझ्या डोक्यावर! माझे तर प्राणच कंठाशी आले. असलं तुम्ही स्वप्नातसुद्धा करू नका. फडकं घट्ट पिळलेलं होतं आणि माझं टोपण पक्कं होतं, म्हणून मी आज हे सांगतोय.

पण फडक्याने मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. ते तापलं की ती पुन्हा भिजवायची, पिळायची, ठेवायची. आणि बोट चालत राहिली. रोज जिथे थांबायची तो खडक गेला, पुढचा गेला. म्हाताऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि तो आखडलेला हात माऊससकट टेबलावर इकडून तिकडे फिरत होता.

तेवढ्यात कमलाकांत पाळीवरून आला. दारातूनच किंचाळला, "आई! शॉक लागून मेली असतीस!" त्याने वायर उपटली, फडकं फेकलं, आत पाणी गेलंय का ते बघायला मला भिंतीपासून ओढलं आणि गर्रकन फिरवलं. आणि पाठीवरची राळ त्याला दिसली.

"हे कोणी केलं?"

जानू तांडेलांचा उजवा हात हळूच टॉवेलात गेला. "मी," ते म्हणाले. "खारा वारा शिरू नय म्हून."

"बाबा, याला इथूनच तर श्वास घ्यायचा असतो! बंद केलंत म्हणून तापतो. तापतो म्हणून थांबतो. खेळायला लागलं का जास्तच तापतो. तुमच्या हाताचा काय बी संबंध नाय."

येसूबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंजे गुन्हा उजव्याचा नव्हताच! बुजवलं डाव्यानं, आनि शिव्या खाल्ल्या उजव्यानं!"

जानू तांडेलांनी आधी डाव्या हाताकडे बघितलं. मग टॉवेल सोडला, उजवा हात बाहेर काढून मांडीवर ठेवला आणि डाव्याने त्याला गोंजारलं. "येडा रं मी," ते म्हणाले, "जित्या हाताला मेला मेला म्हनत व्हतो." आणि एवढा मोठा तांडेल सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मला रडता आलं असतं, तर मीही रडलो असतो.

कमलाकांतने राळ खरवडून काढली. खारी हवा भसकन आत शिरली. गंजलो तर गंजलो म्हटलं, पण श्वास तर आला! त्या संध्याकाळी बोट पहिल्यांदा बंदराला लागली.

सगळंच काही बरं झालं नाही. तांडेल पुन्हा होडीवर गेले नाहीत, आणि त्यांची करंगळी कधीच उघडली नाही. पण रोज बोट हाकून बाकीची बोटं सैल झाली, आणि चहाचा कप त्यांनी शेवटपर्यंत उजव्या हातात धरला. मीही पुढे म्हाताऱ्याने म्हटल्याप्रमाणे गंजलोच. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, यंत्र वापरा, पुसा, जपा. पण जपता जपता त्याचा श्वास कोंडू नका. आणि चालता चालता कोणी मध्येच थांबलं, तर ते मेलं असं लगेच म्हणू नका. जवळ जा आणि हात लावून बघा. कदाचित ते नुसतं तापलेलं असेल.