जॅनेलचा सत्कार

आमच्या डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या मराठी मंडळाला कुणाचं भलं करायचं म्हटलं की एकच औषध ठाऊक आहे, शाल आणि नारळ.

झालं असं, आमची उर्वी कॉलेजात केमिस्ट्रीत गटांगळ्या खात होती. तिच्या पुढच्या वर्गातली जॅनेल तिला शिकवायला घरी यायची. डेट्रॉइटची काळी मुलगी, हुशार, आणि उर्वीवर ओरडायला मुळीच न घाबरणारी. उर्वी पास झाली ती हिच्याच जिवावर. जॅनेलला डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकलला अर्ज करायचा तर आधी एखाद्या डॉक्टरसोबत दवाखान्यात उभं राहून काम बघावं लागतं, मग तोच शिफारस करतो. बिचारीने किती ठिकाणी फोन केले, कुणी दाद देईना. उन्हाळ्याआधी जागा मिळाली नाही, तर अख्खं वर्ष वाया जाणार होतं.

मी हे मंडळात बोलले. आमच्याकडे डॉक्टरांना काय तोटा! आमचे हे, डॉक्टर श्रीराम, त्यातलेच. डेट्रॉइटमध्ये दवाखाना, फ्रंट डेस्कला मी. अध्यक्ष अरुणभावजी एकदम भारावले.

"वहिनी, काळे डॉक्टर किती कमी आहेत ह्या देशात! आपण काहीतरी केलंच पाहिजे यार. स्नेहसंमेलनात तिचा सत्कार करू!"

"अहो भावजी, तिला दवाखान्यात जागा हवीये."

"ते होईल हो. आधी सत्कार."

कपाळ माझं!

तर शाळेचा हॉल भाड्याने घेऊन सत्कार झाला. सगळ्यांना समान आरोग्य ह्या विषयावर जो तो घसा साफ करून बोलला. सगळ्यात लांब भाषण आमच्या ह्यांचं. "काळ्या पेशंटला त्याचं दुखणं ओळखणारा, त्याच्यातलाच डॉक्टर मिळायला हवा," म्हणताना ह्यांचा गळासुद्धा दाटून आला. माझ्या ऑपरेशनच्या वेळी दाटला नव्हता. जॅनेल खांद्यावरची शाल सावरत, मांडीवर नारळ घेऊन बसलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या की तीही वाजवायची.

मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. आमच्यात दोन शब्द म्हणजे अर्धा तास. तिने खरंच आटोपतं घेतलं. "थँक यू. सोमवारपासून तुमच्यापैकी कुणाच्या दवाखान्यात येऊ?"

सगळे डॉक्टर एकाएकी आपापले पेजर तपासायला लागले.

शेवटी आमचे हे खाकरले. "मनात खूप आहे, पण तो पेशंटच्या प्रायव्हसीचा नवा कायदा... शिवाय इन्शुरन्सवाले..."

माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले. "अहो, भावजींचा परीक्षित अख्खा उन्हाळा तुमच्या मागेमागे हिंडला, तेव्हा हा कायदा कुठे गेला होता? चहा प्यायला?"

मराठीतच बोलले. पाहुणीसमोर नवऱ्याची तेवढी तरी लाज राखावी म्हणून. जॅनेलने उर्वीला विचारलं, काय म्हणाली तुझी आई? एरवी मराठीला हातही न लावणाऱ्या आमच्या कार्टीने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला, चहासकट, आणि तोही माईकवरून. मला तर तिचा मुका घ्यावासा वाटला.

"मंडे. आठ वाजता," हे पुटपुटले.

सोमवारी जॅनेल आठच्या आधीच हजर. उर्वीसाठी ह्यांनी हौसेने आणलेला, तिने कधी अंगाला न लावलेला पांढरा कोट मी जॅनेलला दिला. वेटिंग रूममध्ये मिसेस कोलमन बसल्या होत्या. दवाखाना सुरू झाला तेव्हापासूनच्या आमच्या पेशंट, त्याही काळ्या.

"ही नवी डॉक्टर?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो, अजून व्हायचीय. सात-आठ वर्षं तरी जातील."

मिसेस कोलमननी जॅनेलला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, पर्स मांडीवर घेतली आणि खुर्चीत नीट सरकून बसल्या.

"थांबते मी," त्या म्हणाल्या.

हे दारातच उभे होते, मिसेस कोलमनचीच फाइल हातात घेऊन. गळा दाटला होता. ह्या वेळी समोर माईक नव्हता.