बोलता येईल इतक्या वेगाने

लिफ्टवाल्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. शहरभरच्या लोकांच्या अडकलेल्या लिफ्टा सोडवणारा हा माणूस रोज संध्याकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून तीन जिने चढायचा आणि दारात उभा राहून धापा टाकायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एकदा रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "चाला, पळा, काहीतरी करा बुवा." हे त्याने घरी येऊन हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही. ती औषधांच्या दुकानात काउंटरला होती, असे रिपोर्ट तिने पुष्कळ पाहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला हलवून उठवलं आणि स्वतःही बूट चढवले.

कालव्याकाठच्या रस्त्यावर एक मास्तर लोकांना पळायला शिकवायचे. शाळेतून निवृत्त झालेले, सायकलवर बसून सगळ्यांच्या पुढेमागे फिरणारे, जिभेला हाड नसलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी याचं नाव 'कासव' ठेवलं. नियम मात्र एकच सांगितला. "आठवड्यातले बरेचसे दिवस सावकाश पळायचं. सावकाश म्हणजे किती? शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकं. नुसतं हं-हं नाही, पूर्ण वाक्यं. बोलता आलं नाही की समजायचं, वेग जास्त झाला."

कासवाला वाक्य सोडाच, शब्द फुटेना. पहिल्या वळणावरच त्याच्या बरगडीखाली कळ यायची. मग बायको हळू व्हायची आणि एखादी लांबच लांब गोष्ट सुरू करायची. दुकानात एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन खोकल्याच्या औषधाची चव कशी आहे विचारतात आणि न घेताच जातात. शेजारणीच्या मांजराने कुणाचं काय पळवलं. गोष्ट ऐकता ऐकता कळ कधी गेली ते त्याला कळायचं नाही. मास्तरांनी तिचं नाव 'रेडिओ' ठेवलं. "कासवा, हा रेडिओ आहे म्हणून तू पळतोयस," ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

महिन्या-दोन महिन्यांत तोही बोलायला लागला. मग दोघांनाही एक नवल वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं बोलणं झालंच नव्हतं. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्याचे वडील, त्यांचे कान अधू, म्हणून टीव्ही कायम भसाड्या आवाजात. काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागे, आणि मनातलं काही ओरडून सांगता येत नाही. 'गॅस संपलाय', 'किल्ली घेतलीस का' एवढं ओरडता येतं. संसार तेवढ्यावर चालतोसुद्धा.

कालव्याकाठी मात्र तोंडं सुटली. मूल व्हावं म्हणून चाललेले उपचार आता बस झाले, हे ती जुन्या पुलाजवळ बोलली. तो म्हणाला, त्यालाही केव्हाचं बस झालंय, पण तिला वाईट वाटेल म्हणून गप्प होता. आणि ती त्याला वाईट वाटेल म्हणून सुया टोचून घेत होती. शेजारी शेजारी पळताना एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही, हे फार बरं असतं. दोघंही रडली आणि पळत राहिली. मास्तर समोरून सायकलवर आले, दोघांना बोलताना पाहून म्हणाले, "शाबास, वेग अगदी बरोबर आहे," आणि पुढे निघून गेले.

इथवर सगळं छान होतं. पण माणसाचं असं आहे, की बोट दिलं की तो मनगट धरतो, मग ते बोट स्वतःचंच का असेना.

एका शर्यतीत त्याने हाफ मॅरेथॉन पुरी केली. दोन तासांपेक्षा थोडीच मिनिटं जास्त लागली. 'पुरी केली' याचा आनंद त्याला दुपारपर्यंत पुरला. संध्याकाळी तो म्हणाला, "दोन तासांच्या आत यायला हवं होतं." रात्री जेवताना तेच. वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी करून विचारलं, "कोण दोन तासांत येणार आहे?" बायको खूप हसली. तो हसला नाही.

येत्या शर्यतीसाठी मास्तरांनी त्याला पुढच्या तुकडीत घातलं. ही मंडळी अंधार असताना यायची, दात-ओठ खाऊन पळायची, आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. त्याला चार दिवस चुकल्या-चुकल्यासारखं झालं. बायको म्हणाली, "जा की. मी काय पळून जाणारेय?" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसली.

मग त्याला त्या दमाचीच चटक लागली. सावकाशीचे दिवससुद्धा तो त्या तुकडीबरोबरच काढायला लागला. मास्तरांनी एकदा हटकलं, "तुझा रेडिओ कुठंय रे? सावकाशीच्या दिवशी बोलायला नको?" तो म्हणाला, "मास्तर, मनातल्या मनात बोलतो." मास्तरांनी कपाळाला हात लावला.

घरी आल्यावर तो पाय भिंतीला टेकवून पडायचा. कामावरून आला की जेवून लगेच झोपायचा, कारण झोप झाली नाही तर पाय उचलत नाहीत. बायको मागच्या तुकडीत, कुणी ना कुणी नवखं सोबत घेऊन, गोष्टी सांगत पळायची. एके दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "अरे, तुझ्याशी जरा बोलायचं होतं. माझ्या ताईचा फोन आला होता." बाहेर टीव्हीवर कुणीतरी गाणं म्हणत होतं. तो पोटऱ्या चोळत होता. "रविवारी बोलू या का? निवांत," तो म्हणाला.

रविवारी लांबचा पल्ला होता. तिने विचारलं, "आज माझ्याबरोबर पळशील?" तो म्हणाला, "आज नको गं, आज वेग धरायचाय. शर्यत झाली की रोज पळू." त्यानंतर असे आणखी काही रविवार गेले. तिने विचारायचं सोडलं, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. उलट त्याला वाटलं, बायको किती समजूतदार आहे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो घरी आला तेव्हा वडिलांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं आणि, त्यांच्या मते हळू, म्हणजे सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सूनबाईंनी माळ्यावरची मोठी बॅग काढून उन्हात टाकलीय. दोघं कुठं निघालात?"

त्याने गॅलरीत जाऊन पाहिलं. बॅग उघडी होती, आतून पुसलेली. ते कुठेच निघाले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी शर्यत होती, आणि शर्यतीच्या आदल्या रात्री डोकं शांत ठेवायचं असतं. त्याने ते ठेवलं. या माणसाचा मला राग येतो तो इथे.

तो दोन तासांच्या आत आला. मास्तरांनी त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि 'कासव' हे नाव काढून घेतलं. तो पदक गळ्यात घालून शेवटच्या रेषेजवळ उभा राहून बायकोची वाट बघू लागला. किती तरी वेळाने ती आली. तिच्याबरोबर एक अनोळखी बाई होती, पांढरीफटक पडलेली, आणि बायको तिला काहीतरी सांगत होती. खोकल्याच्या औषधाची गोष्ट होती ती. बाईने हसत हसत रेषा ओलांडली.

"आलास दोन तासांत?" बायकोने विचारलं. त्याने मान हलवली. तिने त्याचा घामट चेहरा दोन्ही हातांत धरला. तिला खरोखरच आनंद झाला होता, आणि तेच त्याला सोसेना. मग ती म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर येशील? सावकाश पळू. मला बोलायचंय."

दुसऱ्या दिवशी कालव्यावर चिटपाखरू नव्हतं. शर्यतीनंतर शहाणी माणसं झोपतात. त्याच्या मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या, तरी त्याने पहिल्या पावलापासूनच वेग धरला.

"जरा हळू," ती म्हणाली.

तो हळू झाला नाही. तिला काय सांगायचंय ते त्याला ठाऊक होतं, आणि बोलणं कुठल्या वेगाला बंद पडतं, तेही त्याला चांगलंच ठाऊक होतं. एवढं एकच तर तो वर्षभर शिकला होता.

"अरे, ताईने... तिच्या तिकडे..."

त्याने वेग वाढवला.

"...दुकान काढलंय, ती म्हणते..."

त्याने आणखी वाढवला. पुढचे शब्द आले नाहीत. नुसता श्वास येत राहिला, फाटका, शिट्टीसारखा वाजणारा. जुना पूल मागे पडला. तिने पळणं सोडलं नाही. तो पळत राहिला तर ते शब्द कधीच येणार नाहीत, असं त्याला खुळ्यासारखं वाटत होतं. रस्ता सरळ होता, पाय दुखत होते, पण चालत होते. हळूहळू तिची पावलं मागे पडली. मग त्याला तिचा कण्हण्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं. ती बरगडीखाली हात दाबून, वाकडी होऊन, तशीच पळत होती.

त्या कळेचा ठाव त्याला माहीत होता. पहिल्या वळणावर रोज यायची ती. तेव्हा कुणीतरी त्याच्यासाठी हळू झालं होतं.

तो हळू झाला. आणखी हळू झाला. ती शेजारी आली. तिचा श्वास ठिकाणावर आला. मग तो समोर बघत म्हणाला, "बोल."

ती बोलली. ताईने औषधांचं दुकान काढलंय, दूर, दुसऱ्या शहरात. ताईला भरवशाचं माणूस हवंय. "पहिल्यांदा तिचा फोन आला ना, तेव्हा मला तुला विचारायचं होतं, की आपण जाऊ या का. तू, मी, बाबा. लिफ्टा काय, तिथेही बिघडतात. किती दिवस ते तोंडात धरून होते मी. आता मी एकटीच जाते. मी भांडत नाहीये रे. तुझं काही वाईट चाललंय असंही नाही. पण त्या घरात मी नसले तरी चालतं, हे मला कळलं, आणि एकदा कळल्यावर तिथे राहता येईना."

"शर्यत झाली की रोज..." तो म्हणाला.

"हो. म्हणूनच शर्यत होईपर्यंत थांबले. तुझी झोप मोडायची नव्हती."

नेहमी जिथून परत फिरायचे ते पंपहाऊस आलं. दोघं सवयीने वळली. त्याला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. त्याला म्हणायचं होतं, मीही येतो, आजच येतो, बाबांना घेऊन येतो. वेग तर असा होता, की एखादं लहान पोरसुद्धा पाठ केलेली कविता म्हणत पळालं असतं. दम मुळीच लागला नव्हता. तरी त्याने तोंड उघडलं की 'मी' एवढंच बाहेर यायचं आणि पुढे काही यायचं नाही. त्याने तीनदा प्रयत्न केला. मग बरगडीखाली हात दाबला.

तिने ते पाहिलं. ती थोडी आणखी हळू झाली आणि, पूर्वी करायची तशी, बोलायला लागली. ताईचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर आहे म्हणाली, दोन्ही रस्त्यांवरून दिसतं. ताईला कप्पे लावायची अक्कल नाही, खोकल्याची औषधं मलमांच्या शेजारी ठेवली आहेत. वर एक खोली आहे, तिला पूर्वेची खिडकी आहे. घर येईपर्यंत ती बोलत राहिली.