फाल्कचा फाटका सूर

“तुमच्या गडावर मेलेला माणूस वाजवतो म्हणे,” समोरचा सरदार म्हणाला.

सरदार म्हणजे पत्र्याचं चिलखत घातलेला एक जाडसर गृहस्थ. प्लास्टिकची तलवार त्याने सायकली ठेवायच्या जागेत आडवी टाकली होती आणि मांडीवरच्या डब्यातून बटाट्याचं सॅलड खात होता. उत्सवाच्या शनिवारी आमच्या दोन डब्यांच्या गाडीत अशीच मंडळी भरतात. मी कॉलेजला दोन दिवस सुट्टी म्हणून लाइपझिगहून घरी निघाले होते. माझ्या मांडीवर ट्रम्पेटची पेटी होती, त्यावरून त्याने मला हेरलं.

“कोण म्हणतं?” मी विचारलं.

“माझी मेहुणी. गेल्या वर्षी आली होती ना! मनोऱ्यावर चिटपाखरू नाही आणि वरून सूर येतोय. शेवटी तर असा फाटतो म्हणाली, की अंगावर काटाच येतो. पोरगं भोकाड पसरून रडलं तिचं.”

“लाउडस्पीकर आहे तो.”

“असेल. पण वाजवणारा मेलाय ना?”

“मेलाय. माझा भाऊ होता.”

त्याचा काटा डब्यातच राहिला. मग त्याने डबाच माझ्यापुढे धरला. मी त्यातली एक खारवलेली काकडी उचलली. माणूस वाईट नव्हता.

गडावरचा उत्सव पुन्हा सुरू झाला तेव्हा माझा भाऊ फाल्क शाळेत होता. पहारेकऱ्याची हाक म्हणून बँडच्या मास्तरांनी ट्रम्पेटची एक धून रचली आणि ती फाल्कच्या गळ्यात मारली. धून तशी सोपी, शेवटचा सूर तेवढा उंच. तो फाल्कला कधीच लागला नाही. दरवर्षी नेमका तिथेच फाटायचा, खाली अंगणात हशा पिकायचा आणि सगळे बिअरचे ग्लास उंचावायचे. पुढे तर ती रीतच पडली. फाल्कचा सूर फाटला की पहिला घोट, त्याआधी कुणी ग्लासला तोंड लावायचं नाही. मी सराव कर म्हणून मागे लागले की म्हणायचा, “वेडी की काय! सूर लागला तर लोक तहानेने मरतील.”

गावाच्या अलीकडे रूळ आणि रस्ता शेजारी शेजारी येतात. रस्त्याकडेच्या झाडांपैकी एकाच्या खोडाशी लाकडी क्रूस आहे. फाल्कची मोटरसायकल तिथे आदळली. आमच्या गावचे लोक त्या ठिकाणी खिडकीबाहेर बघत नाहीत. मीही पेटीच्या कड्या चाचपत बसले.

तो गेला त्या वर्षी उत्सव समितीने त्याचं जुनं रेकॉर्डिंग मनोऱ्यावरून लावलं. आठवण म्हणून, एकदाच. दुसऱ्या वर्षीही लागलं, कारण आई जाऊन लुन्झरकाकांच्या दारात उभी राहिली. काकांचं मांसाचं दुकान आहे आणि समितीही तेच चालवतात. त्यांनी आईला ते रेकॉर्डिंग घरी न्यायला दिलं, तर नको म्हणाली. घरात लावलं की तो मेलेला वाटतो, मनोऱ्यावरून आलं की तो वर असतो. वर्षभर ती त्या एका मिनिटासाठी जगायची. मला तिची कीव यायची आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. मी जिवंत होते आणि दर महिन्याला घरी येत होते.

या वेळी काकांचा फोन आला. “मेर्ले, आता पुरे गं. लोक ग्लास उचलतात, पण हसत कुणीच नाही. उत्सव कसला, मयत झालीय नुसती. तू वाजव यंदा.”

“आईला सांगितलंत?”

“ते तू सांग बाई. माझी नाही हिंमत.”

डुकरं कापणाऱ्या माणसाची ही तऱ्हा.

आई फलाटावरच उभी होती. हातगाडीत आलुबुखारच्या केकचे ट्रे, वर स्वच्छ फडकी. तिने मला जवळ घेतलं आणि तिची नजर पेटीवर गेली.

“हे कशाला आणलंस?”

“यंदा मी वाजवणार आहे. काका म्हणाले.”

“मशीन आहे की.”

“आई, ते नुसतं मशीनच आहे.”

“एकदा पुरलं ना त्याला,” ती म्हणाली. “आणखी किती वेळा पुरायचं?”

आम्ही चढणीला लागलो. मी हातगाडी ओढत होते, ती मागून रेटत होती. गडाचा दरवाजा दिसायला लागला तसा मला धीर निघेना.

“त्याच्यासारखंच वाजवीन,” मी म्हणाले. “शेवटी फाटका. हुबेहूब.”

“खरंच?”

तिचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली.

मनोऱ्याच्या जिन्यात फाल्कचं डोकं नेहमी जिथे आपटायचं, तिथून माझं सहज सुटलं. वर खिडकीत लाउडस्पीकर होता, त्याची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. खाली अंगण भरलं होतं. लोकांनी ग्लास आधीच अर्धे उचलले होते. सॉसेजच्या धुरापाशी तो सरदार शिरस्त्राण काढून उभा होता. आई दगडी बाकावर बसली होती, तोंड वर, डोळे घट्ट मिटलेले. वर मी आहे हे तिला बघायचं नव्हतं.

मी वाजवायला लागले. बोटं आपोआप चालत होती. शेवटच्या सुराशी आले आणि कळलं, आज हा फाडला की पुढच्या वर्षीही फाडायचा, त्याच्या पुढच्याही. मी म्हातारी होईन आणि आई, असेल तोवर, डोळे मिटून ऐकत राहील. तिच्या लेखी मेर्ले कधी घरी यायचीच नाही.

मी छाती भरून घेतली. सूर लागला. स्वच्छ, लांब, त्या अंगणात पहिल्यांदाच.

मग काहीच झालं नाही. कधी प्यायचं तेच कुणाला कळेना. सगळे ग्लास तसेच हवेत, आणि एकेक करून माना आईकडे वळल्या. तिने डोळे उघडले होते.

मी कशी उतरले ते आठवत नाही. गर्दीतून वाट आपोआप होत गेली. मी बाकापाशी जाऊन उभी राहिले. तिला दिलेला शब्द मोडला होता, ती उठून निघून गेली असती तरी मी काही म्हणाले नसते.

“हे असं संपतं होय?” आईने विचारलं.

“हो.”

“त्याने कधी शेवटपर्यंत ऐकवलंच नाही.”

तिने मनोऱ्याच्या रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचे गाल ओले होते, ते तिने पुसले नाहीत. मग सरकून बाकावर माझ्यासाठी जागा केली आणि शेजारचा ग्लास उचलला.

“लोक तहानले असतील,” ती म्हणाली, आणि पहिला घोट घेतला.